नाही म्हणाल्या

समोर ताट वाढलेलं असताना माणसानं ताटाकडं बघावं, नाहीतर वाढणारीकडं बघावं, एवढी साधी रीत मामींच्या मुलाला उरली नव्हती. चोपन्न वर्षांचा घोडा, डोक्यावर केस औषधापुरते, पण सकाळी टेबलाशी बसला की डाव्या हातात फोन आणि उजवा हात आपला अंदाजानं तोंड शोधतोय. कधी घास हनुवटीला लागायचा, कधी मिशीला. फोनमध्ये ना कुणाचं पत्र असायचं ना कुणाचा फोटो. एक आकडा असायचा. आकडा कालच्याइतकाच असला तर तो नुसता हं करायचा. एका-दोनानं वाढलेला असला तर अळणीसुद्धा निमूट खायचा आणि उठताना बायकोच्या खांद्याला हात लावायचा. मामी चार वर्षं हे बघत होत्या आणि चार वर्षं बोलत होत्या. त्यांचं बोलणं काही कुजबुजीतलं नव्हे, दोन मजले खाली ऐकू जायचं. ज्याच्यासाठी बोलायचं तो सोडून सगळ्यांना ऐकू जायचं. जाऊ द्या हो आई, असं सून म्हणायची. तिचं काय जातंय म्हणायला, तिच्या वाट्याला तो आला तोच चष्मा लावून आला. मामींनी त्याला भूक लागली म्हणून जमिनीवर पालथं पडून पाय आपटताना पाहिलेलं होतं. भूक लागलेला माणूस वेगळा आणि आकडा लागलेला माणूस वेगळा, हे त्यांना आता नीट कळत होतं.

त्या सकाळी मात्र उलटंच झालं. आकडा वाढला आणि चेहरा पडला. तीनशे बारा, असं तो म्हणाला, ताप किती आहे ते सांगावं तसं. आदल्या दिवशी तीनशे एक होता. मामींना सगळे आकडे पाठ असायचे. एका रात्रीत अकरा. एवढ्यावर त्यानं खरं तर ताट पुसून खायला हवं होतं. त्यानं चमचा खाली ठेवला, तोही ताटात नाही, टेबलावर पालथा, आणि खुर्ची मागं न सारता कसाबसा तिरका होऊन उठला नि आपल्या खोलीत गेला. दार लागलं. मामी त्याच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. लाकूड अजून कोमट होतं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची अकराव्या मजल्याची रांग, प्रत्येक खिडकीत एखादी बादली किंवा कुंडी, आणि दोन इमारतींच्या मधल्या पोकळीत खालपर्यंत गेलेले नळ. त्यातल्या एका नळातून कुणाच्या तरी घरचं पाणी खाली जात होतं, घशातून घोट जावा तसं. फ्रिज गुरगुरून थांबला, आणि थांबल्यावर कळलं की तो इतका वेळ गुरगुरत होता. मामींना वाटलं, आपल्याही आत असंच काहीतरी इतकी वर्षं चालू आहे आणि ते आत्ता थांबलं.

पेपर हा शब्दच मुळात त्यांच्या पचनी पडला नव्हता. पन्नाशीला आलेला माणूस अजून पेपर देतोय म्हणजे हा नापास तरी किती वेळा झाला, असं त्यांनी सुनेला विचारलं होतं, आणि सून ओट्याला धरून हसली होती. मग एका सुट्टीच्या दिवशी मुलगा त्यांच्या पलंगाच्या कडेला बसला आणि त्यानं समजावून सांगितलं. आपण काय शोधलं ते लिहायचं, ते छापून येतं, तो पेपर. मग दुसरा कुणी, कुठल्या कुठल्या देशातला, आपलं लिहिताना म्हणतो की अमक्यानं असं असं दाखवलं आहे. म्हणजे तो आपलं नाव घेतो. कितींनी नाव घेतलं, तो आकडा. आणि आणखी एक आकडा असतो, माझा सतरा आहे. सतरा पेपर असे, की त्यातल्या प्रत्येकाचं निदान सतरा जणांनी नाव घेतलंय. इथं तो थांबला, आईच्या डोक्यावरून गेलं असेल म्हणून. मामी म्हणाल्या, यात काय आहे. शेजारपाजारचे भांडी मागायला येतात. ज्या घरात सतरा भांडी अशी आहेत की एकेक सतरा वेळा तरी कुणी मागून नेलं, ते घर सतराचं. एकच मोठं पातेलं शंभरदा नेलं आणि बाकीची फळीवरच राहिली, तर ते घर एकाचं. मुलगा आ वासून बघत राहिला. नंतर म्हणे त्यानं हे वर्गात विद्यार्थ्यांना सांगितलं, आईचं नाव न घेता.

तेव्हापासून आकडा मामींचाही झाला. लिफ्टमध्ये कुणी भेटलं आणि प्रकृती कशी म्हणून विचारलं तर त्या आज दोनशे नव्वद असं सांगायच्या, आणि विचारणारा घाबरून मधल्याच मजल्यावर उतरायचा. मुलाचं तीनशेच्या वर गेलेलं पातेलं एकच होतं, पडण्याचा पेपर, आणि फोनमधला तो आकडा त्या एकाच पेपरचा. म्हाताऱ्या माणसांनी खुर्चीला धरून रोज दहा मिनिटं एका पायावर उभं राहावं, मग ती पडत नाहीत, असा तो पेपर. त्याच्या जोरावर तो चार ठिकाणी बोलायला गेला होता, त्याच्या जोरावर येत्या गुरुवारी विभागप्रमुखाच्या खुर्चीसाठी त्याचं नाव बैठकीपुढं जायचं होतं. खुर्चीला धरून उभं राहता राहता पोरगं खुर्चीत बसणार, असं मामी म्हणायच्या आणि आपणच हसायच्या. आत्ता त्यांना ते आठवलं आणि हसू आलं नाही. त्यांनी एक पाऊल टाकलं, डाव्या गुडघ्यानं नेहमीसारखा जरासा दगा दिला, आणि त्यांनी तो दगा कुणी न पाहिल्याची खात्री करून घेतली.

सून विसळायला उभी होती. तिला विचारलं तर तिनं आधी नळ मोठा केला. मग पाण्याच्या आवाजाआडून तिनं सांगितलं. दूरच्या एका देशात कुणी नऊशे म्हाताऱ्या माणसांना तोच व्यायाम करायला लावला आणि दोन वर्षं मोजत बसले. काही फरक नाही. करणारे तेवढेच पडले, न करणारे तेवढेच पडले. ते छापून आलं आणि त्यावर आणखी दहा जणांनी लिहिलं. अकराही जणांनी यांचं नाव घेतलंय, पण चूक म्हणून.

“म्हणजे नाव घेतलं नाही,” मामी म्हणाल्या, “नावं ठेवली.”

 मग मामींनी विचारलं की हेही आकड्यात धरतात का. धरतात, सून म्हणाली, आकड्याला दोन्ही सारखंच. मामींना हे सगळ्यात जास्त झोंबलं. ज्या मोजणीत पाया पडणारा आणि पायाखाली तुडवणारा एकाच रांगेत उभा राहतो ती कसली मोजणी. उद्या सगळ्या जगानं ह्याला मूर्ख म्हटलं की हा सगळ्यांत थोर. त्यांच्या पोरानं चार वर्षं घास अशा आकड्याकडं बघत गिळले होते, आणि त्यांनी तो आकडा लिफ्टमधून मिरवला होता. पण सूनबाईचं अजून संपलं नव्हतं. छापणाऱ्यांनी, कोण कधी पडलं ते लिहिलेल्या मूळच्या वह्या मागवल्यात. यांनी काल रात्रीच त्या काढून बघितल्या. पाच महिने, एकोणीस बायका, आणि पहिला आठवडा सोडला तर एकही पडलेली नाही. असं कसं होईल. यांचं म्हणणं, व्यायाम घेऊन वही भरायला ठेवलेल्या त्या व्यायामवालीनं विचारलंच नसणार कुणाला, घरी बसून रकाने भरले असणार. आज संध्याकाळी पाचपर्यंत तसं कळवायचं आहे. मग यांच्यावर काही येत नाही, फसवले गेले एवढंच होतं. “आणि तिचं?” मामींनी विचारलं. सुनेनं नळ बंद केला. तिला मग कोण कशाला कुठं उभं करील, असं ती म्हणाली, आणि हात पुसत बसली, कोरडे झाल्यावरही.

मामी आपल्या खोलीत आल्या. खोली म्हणजे पलंग, कपाट आणि त्या दोहोंमधली दीड हाताची वाट. या वाटेवर त्या आजवर दोनदा पडल्या होत्या. पडणं ही काय चीज आहे हे ज्यांनी पेपर लिहिले त्यांना ठाऊक नव्हतं, अशी मामींची खात्री होती. पडताना भीती वाटत नाही. पडताना जमीन आपली वाटच बघत होती असं वाटतं. पडल्यावर पहिल्यांदा दुखत नाही. पहिल्यांदा ऐकायचं असतं. कुणाला ऐकू गेलं का. सुनेची पावलं थांबली का. पावलं थांबली नाहीत की मग कुशीवर व्हायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, पलंगाचा पाय धरायचा, आणि श्वासाचा आवाज न करता उठायचं. उठल्यावर केस नीट करायचे आणि बाहेर जाऊन कुणावर तरी ओरडायचं, म्हणजे चेहऱ्याचा रंग कशानं गेलाय ते कुणी विचारत नाही. त्यांच्या ओरडण्यातलं निम्मं ओरडणं हे असलं होतं. घरातल्यांना वाटायचं, वयानं तिखट झाल्या.

त्यांच्या सासूबाई पडल्या होत्या तेव्हा न्हाणीच्या दाराची कडी मामींनीच काढली होती. सुतार येईपर्यंत थांबायलाही त्या तयार नव्हत्या. स्वतः पेचकस घेऊन चार स्क्रू काढले आणि कडी फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. तुमच्याच भल्यासाठी, असं म्हणाल्या होत्या. दाराला चार भोकं राहिली. त्यानंतर सासूबाई आंघोळीला गेल्या की आतून मोठमोठ्यानं काहीतरी मोजत राहायच्या, एक, दोन, तीन, कुणी आत येऊ नये म्हणून. आणि शंभर झाले की पुन्हा एकपासून. मग त्यांना विस्तवाशी जाऊ देणं बंद झालं, मग एकटीनं जिना उतरणं, मग दुपारी दार लावून पडणं. शेवटी त्या मागच्या खोलीत बसलेल्या असायच्या आणि कुणी पाणी देता का असं विचारायच्या, जिचं स्वयंपाकघर होतं तिनं. मामींना त्या वेळी हे सगळं बरोबर वाटलं होतं. अजूनही वाटत होतं. म्हणून तर त्यांनी आपलं पडणं कुणाच्या हाती लागू दिलं नव्हतं.

आणि एकदा नव्हे. सहा वर्षांपूर्वी, तळमजल्याच्या सभागृहात, दर मंगळवारी. एकोणीस बायका, एकोणीस खुर्च्या, आणि ती व्यायामवाली, पंचेचाळिशीची, रुंद पावलांची, बोलण्याआधी नाकानं श्वास घेणारी. व्यायाम झाला की ती एकेकीसमोर बसकण मारायची, वही मांडीवर, आणि एकच प्रश्न, या आठवड्यात पडलात का. पहिल्या मंगळवारी एका खोकणाऱ्या बाईनं हो म्हणून सांगितलं, नळाशी पडले. मुलगा त्या दिवशी बघायला आला होता, खिडकीशी उभा होता, आणि ते ऐकून त्याचं तोंड एवढंसं झालं. मामींनी ते पाहिलं. दुसऱ्या मंगळवारी व्यायामवाली यायच्या आधी त्यांनी दार लोटून घेतलं आणि सगळ्यांना बजावलं, माझ्या पोराच्या वहीत कुणी पडायचं नाही. पडायचं असेल तर आपापल्या घरी पडा. बायका हसल्या. हसल्या आणि लगेच समजल्या, कारण प्रत्येकीच्या घरी कुठली ना कुठली कडी होती. त्यांना मामींचा हुकूम नको होता, निमित्त हवं होतं, आणि ते मामींनी दिलं. खोकणारी पुढं दोनदा पडली आणि दोन्ही वेळा तिनं मान हलवली. मामी स्वतः त्या पाच महिन्यांत चारदा पडल्या.

चौथ्या वेळी व्यायामवालीनं त्यांच्या कोपराकडं बघितलं होतं. बाही वर गेली होती आणि कोपर वांग्यासारखं झालं होतं. पडलात का, तिनं विचारलं. कपाटाला धडकले. केव्हा. मला काय घड्याळ बांधलंय का कोपराला. ती हसली नव्हती. तिनं बाही हलकेच खाली ओढून दिली, म्हणजे शेजारच्या बाईला दिसू नये अशी, आणि वहीत काहीतरी लिहिलं. मामींना तेव्हा वाटलं होतं, भोळी आहे, फसली. आता पलंगावर बसल्या बसल्या त्यांना ती ओढलेली बाही पुन्हा जाणवली, आणि भोळं कोण होतं याबद्दल काही खात्री उरली नाही. त्यांना उठून बाहेर जावंसं वाटलं. पण बाहेर म्हणजे कुठं. बाहेर टेबल, टेबलापलीकडं त्याचं बंद दार, दुसऱ्या बाजूला लिफ्ट, आणि लिफ्टचं बटण दाबलं की सून हाक मारणार, आई, एकट्या नका जाऊ. त्या बसून राहिल्या. ऊन कपाटाच्या दारावरून हळूहळू कडेला सरकत होतं आणि त्यांना वाटत होतं की ते जसजसं सरकतंय तसतशी ती दीड हाताची वाट अरुंद होतेय.

चारच्या सुमाराला मुलगा आत आला. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं, हे त्याच्या ओठांवरून दिसत होतं. काखेत वही होती. तो पलंगाच्या कडेला बसला, भांड्यांच्या दिवशी बसला होता तिथंच, आणि इतक्या मऊ आवाजात आई म्हणाला की मामी सावध झाल्या. हे बघ, तो म्हणाला, तू त्या गटात होतीस म्हणून तुला विचारतोय. ती बाई दर मंगळवारी खरंच विचारायची का तुम्हाला? की यायची, व्यायाम करून घ्यायची आणि वहीत आपलं आपण लिहायची? मामी त्याच्या काखेतल्या वहीकडं बघत होत्या. तो घाईनं म्हणाला, आता सहा वर्षं झाली, तुला आठवत नसेल तर नाही आठवत म्हण. तेवढ्यानंही चालेल. या वयात कोण काय म्हणणार आहे.

या वयात. मामींनी त्याच्याकडं बघितलं. किती सोपं ठेवलं होतं त्यानं त्यांच्यासाठी. खोटंही बोलायचं नव्हतं, नुसतं म्हातारं व्हायचं होतं. आठवत नाही म्हटलं की कोपर गेलं, खोकणारी गेली, लोटलेलं दार गेलं. त्यांची कडी त्यांच्या दाराला राहिली, त्याची खुर्ची गुरुवारी त्याला मिळाली, आणि मध्ये ती रुंद पावलांची बाई, ती तर इथून कुठूनच दिसत नव्हती. त्याच्या बोटांची नखं त्यानं कुरतडलेली होती, लहानपणी परीक्षेच्या दिवसांत कुरतडायचा तशी. त्यांना त्याचा हात धरावासा वाटला. धरला असता तर त्यांच्या तोंडून आठवत नाही निघून गेलं असतं, हेही त्यांना कळलं. म्हणून त्यांनी हात वहीसाठी पुढं केला.

तुला काय कळणार त्यातलं, तो म्हणाला, पण त्यानं वही दिली, कदाचित आईला पटेल म्हणून. त्यानं पानावर बोट ठेवून दाखवलं. बघ, दर मंगळवारी तीच शाई, तेच शब्द, एकोणीस नावांपुढं एकोणीस वेळा. खरंच विचारलं असतं तर असं शिक्का मारल्यासारखं लिहिलं असतं का कुणी? मामींनी चष्मा लावला. वाचायला त्यांना वेळ लागायचा. अक्षराखालून बोट न्यावं लागायचं आणि ओठ हलवावे लागायचे. नवव्या ओळीत त्या होत्या. ना, ही, त्यांनी जुळवलं, म्ह, णा, ल्या. नाही म्हणाल्या. खालची ओळ, नाही म्हणाल्या. पुढचं पान, नाही म्हणाल्या. त्यांनी पानं उलटली, तो घड्याळाकडं बघत असताना, आणि एका पानावर नवव्या ओळीच्या कडेला बारीक अक्षरांत त्यांना आणखी काहीतरी दिसलं. नाही म्हणाल्या. डावं कोपर काळंनिळं. हे तू वाचलं होतंस का, त्यांनी विचारलं. त्यानं मान वाकडी करून बघितलं. मग म्हणाला, ते शेरे असतात, ते मोजणीत येत नाहीत. रकान्यात नाही असलं की शून्य धरायचं.

मामींनी वही मिटली आणि मांडीवर ठेवली. मग चष्मा काढला, कारण पुढचं बोलायला त्यांना त्याचा चेहरा स्पष्ट दिसायला नको होता. बाहेर सुनेची पावलं थांबली होती. त्यांनी आवाज खाली आणला नाही.

“मी चारदा पडले. दोनदा इथं, या कपाटाशी. त्यानंतरही पडले, परवासुद्धा पडले. त्या बाकीच्या बायकाही पडल्या, आणि त्यांना तोंड मिटायला मी सांगितलं, तुझं तोंड एवढंसं झालेलं मला बघवलं नाही म्हणून. उद्या माझ्या दाराची कडी काढायची तर काढ, पेचकस कुठं आहे ते मी सांगते. पण त्या बाईनं दर मंगळवारी विचारलं, आणि जे ऐकलं ते लिहिलं. नाही म्हणाल्या, एवढंच लिहिलं, कारण आम्ही नाहीच म्हणालो होतो. पडल्या नाहीत, असं तिनं एकाही पानावर लिहिलेलं नाही. ते तू लिहिलंस. मी चौथी शिकले आणि बोट फिरवून मला त्यातला फरक कळला. खोटी मी आहे, आंधळा तू आहेस, आणि या वहीत खरी अशी ती एकटीच आहे. घे कागद, आणि आत्ता मी सांगते तसं लिही.”